आपत्कालीन पिण्याचे पाणी : घरगुती साठा

पूर, भूकंप किंवा चक्रीवादळात नळाचा पुरवठा बंद पडल्यास पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी घरात आधीच भरून ठेवलेले सुरक्षित पाणी. महाराष्ट्रात याची निकड विशेषतः पुरात जाणवते. शहरांची उपसा केंद्रे नदीकाठी असतात. नदी फुगली की जॅकवेल (नदीचे पाणी उपसण्याची विहीर) व पंप बुडतात, वीजही तोडावी लागते. ऑगस्ट २०१९च्या महापुरात पंचगंगेच्या काठचे कोल्हापूर असेच तहानले आणि टँकरवर विसंबले. जुलै २०२१मध्ये पुन्हा तीच वेळ आली.

माणशी रोज सुमारे ४ लिटर आणि किमान तीन दिवस, असा हिशेब सामान्यतः धरतात. चौघांच्या घराला ४८ लिटर लागतात. तान्हे मूल, बाळंतीण वा आजारी माणूस असल्यास साठा वाढवावा.

रात्रीचे पाणी सकाळी शिळे म्हणून ओतून देण्याची आपल्याकडे सवय आहे. मात्र क्लोरीनयुक्त नळाचे पाणी स्वच्छ, घट्ट झाकणाच्या भांड्यात उन्हापासून दूर ठेवल्यास टिकते. दर सहा महिन्यांनी ते बदलावे. आरओचे पाणी चवीला चांगले असले, तरी त्यातला क्लोरीन निघून गेलेला असल्याने साठ्यासाठी नळाचेच पाणी बरे. भांडे खाद्यपदार्थांसाठी बनवलेल्या प्लास्टिकचे असावे. रॉकेलचा किंवा कीटकनाशकाचा कॅन कितीही धुतला तरी वापरू नये. दुधाचा कॅनही टाळावा, कारण त्यातला अंश पूर्ण निघत नाही व जंतू वाढतात. झाकण सैल राहिल्यास डेंग्यूचा डास अंडी घालतो. पूररेषेतल्या घरांनी साठा माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर ठेवावा.

साठा संपल्यास मिळेल ते पाणी फडक्याने गाळून, तुरटी फिरवून, निवळल्यावर खळखळून उकळावे. उकळी किमान एक मिनिट राहू द्यावी. गॅस नसल्यास मेडिक्लोरसारखे क्लोरीनचे द्रावण वेष्टनावरील प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. या उपायांनी जंतू मरतात, पण पुराच्या पाण्यात मिसळलेले डिझेल वा शेतातली औषधे जात नाहीत. म्हणून आधी केलेल्या साठ्याला खरा पर्याय नाही.

पुराचा इशारा मिळताच गच्चीवरची टाकी भरून घ्यावी आणि जमिनीखालच्या टाकीत पुराचे पाणी शिरण्याआधी तिचा पंप बंद करावा. नाहीतर गढूळ पाणी वर चढून चांगला साठाही नासतो. पूर ओसरल्यावर खालची टाकी उपसून, घासून व क्लोरीनने निर्जंतुक करूनच पुन्हा वापरावी.