मुद्दाम चुकवलेले प्रोग्राम

1970 च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्यात साडेचारशेच्या आसपास प्रोग्रॅमिंग भाषा आणि त्यांच्या पोटभाषा नांदत होत्या. हा पसारा आवरायला खात्याने ‘एडा’ ही एकच भाषा करून घेतली. पण भाषा एक असली, तरी तिचे कंपायलर लिहिणाऱ्या कंपन्या अनेक. प्रत्येकीने नियमांचा आपापला अर्थ लावला असता, तर पुन्हा तोच गोंधळ. म्हणून कंपायलर तपासण्यासाठी चाचणी-प्रोग्रामांचा एक संच तयार झाला. सॉफटेक कंपनीत जॉन गुडइनफ यांच्या देखरेखीखाली बनलेला हा संच ‘एसीव्हीसी’ म्हणून ओळखला गेला.

त्यातला ‘बी’ वर्ग सगळ्यात गमतीचा. त्यातले प्रोग्राम जाणूनबुजून चुकीचे लिहिलेले होते. ज्या ओळीत नियमभंग, तिच्याशेजारी ‘एरर’ अशी खूण. कंपायलरने अशी प्रत्येक ओळ पकडली तरच तो पास. एकही निमूट गिळली की नापास. 11 एप्रिल 1983 रोजी या परीक्षेतून पहिल्यांदा पार पडला तो न्यूयॉर्क विद्यापीठाचा ‘एडा/एड’. तो इतका संथ होता की रोजच्या कामाला फारसा उपयोगी नव्हता. पण नियमांना पक्का होता.

कंपायलरची परीक्षा अशी मार्गी लागली. कोड लिहून देणाऱ्या प्रोग्रामांचे काय? बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी 1975 मध्ये मांडलेले ‘याक’ व्याकरणाचे नियम घेऊन ‘सी’ भाषेतला कोड काढून देई. तो कोड माणसाने वाचावा अशी अपेक्षाच नव्हती. अशा साधनांची तपासणी करायची रुळलेली पद्धत म्हणजे तयार झालेला मजकूर आधी जपून ठेवलेल्या नमुन्याशी ताडून पाहणे. एक रिकामी ओळ वाढली तरी टेस्ट बोंब मारणार. आणि नमुन्यातच अर्धविराम राहून गेलेला असेल, तर मात्र सगळे आलबेल.

जावाच्या जगात हे दुखणे ठळक झाले. 2004 च्या जावा 5 मध्ये अ‍ॅनोटेशन आली आणि ती वाचून नवा कोड लिहिणारी साधने निघाली. त्यांची खरी परीक्षा घ्यायची, तर टेस्टमधून कंपायलर बाहेरचा प्रोग्राम म्हणून चालवा, तात्पुरत्या फोल्डरमध्ये फायली लिहा, त्याने ओकलेल्या मजकुरातून एरर शोधा, असा सगळा उपद्व्याप. डिसेंबर 2006 मध्ये आलेल्या जावा 6 ने कंपायलरलाच प्रोग्राममधून हाक मारायची सोय दिली. सोर्स कोड डिस्कवर असायची गरज उरली नाही; मेमरीतली एक स्ट्रिंग पुरे. एररही ओळ क्रमांकासह हाती येऊ लागल्या. एक ठेच मात्र अनेकांना लागली: मशीनवर पूर्ण जेडीके नसून नुसते जेआरई असेल, तर कंपायलर मागितल्यावर हाती ‘नल’ येई.

याच सोयीवर गूगलने ‘कंपाइल-टेस्टिंग’ ही लायब्ररी बांधली. त्यांचेच ‘ऑटोव्हॅल्यू’ घ्या. प्रोग्रामरने ‘अ‍ॅनिमल’ नावाचा अमूर्त क्लास लिहून त्यावर अ‍ॅनोटेशन लावले की समानता तपासणाऱ्या आणि हॅशकोड काढणाऱ्या मेथड असलेला ‘ऑटोव्हॅल्यू_अ‍ॅनिमल’ आपोआप तयार होतो. टेस्टमध्ये मूळ क्लास स्ट्रिंग म्हणून द्यायचा, खरा कंपायलर चालवायचा आणि निपजलेला कोड अपेक्षित कोडशी ताडायचा. ही तुलना अक्षरांची नसून वाक्यरचनेच्या झाडाची असते. त्यामुळे जागा कमी-जास्त सोडल्याने काही बिघडत नाही.

‘बी’ वर्गाची युक्तीही इथे कामी आली. तेच अ‍ॅनोटेशन क्लासऐवजी इंटरफेसवर लावले, तर कंपाइल फसलेच पाहिजे. तेही नेमक्या त्या ओळीवर, नेमक्या त्या संदेशासह. तसे झाले नाही, तर टेस्ट नापास.

पुढे रस्ट भाषेत मॅक्रो लिहिणाऱ्यांनी ‘ट्रायबिल्ड’ वापरायला घेतले. त्यात प्रत्येक चुकीच्या प्रोग्रामशेजारी कंपायलरचा अपेक्षित एरर संदेश जसाच्या तसा वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात. रस्टच्या नव्या आवृत्तीत संदेशांची शब्दरचना बदलली की या टेस्ट कोसळतात. त्यामुळे काही प्रकल्पांत त्या कंपायलरच्या एका ठरावीक आवृत्तीवरच चालवल्या जातात.