पुरावा एकीकडचा, निष्कर्ष दुसरीकडचा

आर्ट थेरपीत व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी) आणा, असा सूर सध्या जोरात आहे. युक्तिवाद साधारण असा: चौदा-पंधरा वर्षांचं पोर समुपदेशकासमोर तोंड उघडत नाही, पण हेडसेट म्हटलं की धावत येतं. व्हीआरनं वेदना आणि भीती कमी होतात, हे तर सिद्धच झालंय. आणि पुणे जिल्ह्यातल्या मुळशीसारख्या तालुक्यात, जिथे लवळ्याला विद्यापीठं आहेत पण ताम्हिणीच्या अंगाला वाडीवस्तीवर समुपदेशक सहसा फिरकत नाही, तिथे हे यंत्र म्हणजे वरदानच.

आधी ते 'सिद्ध झालंय' तपासू. हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी 'स्नोवर्ल्ड' हे आभासी जग उभं केलं. पट्टी बदलताना रुग्ण बर्फाच्या दरीत गोळे फेकत राहतो आणि दुखणं कमी जाणवतं. खरं आहे. पण तिथे जखमेवरून लक्ष उडवायचं असतं. आर्ट थेरपीत नेमकं उलट, जे बोलता येत नाही तिकडेच लक्ष न्यायचं असतं. दुसरा दाखला बार्बरा रॉथबॉम यांच्या 1995च्या, उंचीच्या भीतीवरच्या प्रयोगाचा. त्यातलं दृश्य उपचार करणाऱ्यांनी आधीच रचलेलं होतं. रुग्णानं स्वतः काही घडवायचं नव्हतंच. खुद्द व्हीआरमधल्या आर्ट थेरपीवर म्हणाल, तर हॅकमन, रेगेव्ह आणि सॅलोमन यांचा 2018चा लेख तत्त्वं मांडतो, आणि गिरिजा कैमल यांचा 2020चा अभ्यास प्राथमिक स्वरूपाचा आहे. किशोरवयीनांबद्दल छातीठोक बोलायला एवढं पुरत नाही.

आता सत्रात काय घडतं ते पाहा. समजा, एक मुलगी काळा खडू इतका दाबते की कागद फाटतो. समोरची थेरपिस्ट ते बघते, आणि तिनं बघितलं हे मुलीला कळतं. उपचार या देवाणघेवाणीत असतो. हेडसेट घालून हातातल्या कंट्रोलरचा ट्रिगर कितीही आवळा, हवा फाटत नाही. मुलीचे डोळे झाकलेले असतात, थेरपिस्टपुढे लॅपटॉपवरचं सपाट चित्र. चुकलं की 'अनडू'. दिवाळीत अंगणात मातीचा कोराईगड किल्ला रचणाऱ्या पोरांना विचारा, बुरूज ढासळल्यावर काय काय होतं: रडारड, भांडण, एकमेकांवर ढकलाढकल, आणि मग पुन्हा चिखल कालवणं. हे शेवटचं ज्याला जमेनासं झालंय, त्याच्याच हातात आपण 'अनडू'चं बटण देणार?

याच कैमल यांचा 2016चा अभ्यास मात्र फारसा कुणी सांगत नाही. 39 प्रौढांनी 45 मिनिटं माती, मार्कर, चिकटकाम केलं. सुमारे तीन चतुर्थांश जणांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, उतरलं, आणि चित्रकलेचा पूर्वानुभव असण्या-नसण्यानं फरक पडला नाही. साहित्य म्हणाल तर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं.

व्हीआर त्याज्य आहे असं माझं म्हणणं नाही. आपल्याच चित्रात उभं राहून त्याच्याभोवती फिरणं कागदावर शक्य नाही. मातीचा ओला स्पर्श सोसवत नाही अशा मुलासाठी तर ती मोठी सोय ठरेल. पण खोलीत ओळखीचा थेरपिस्ट हवा, आणि हेडसेट डोकं-हातांच्या हालचाली टिपतो त्या कुठे जातात हे माहीत हवं. 2023च्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे अठराच्या आतली व्यक्ती बालकच ठरते, आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते.

राहिला वाड्यांचा मुद्दा. वैद्य नाही म्हणून नुसता खलबत्ता पाठवून कुणी बरं होत नाही. मुळशीतल्या शाळेला देणगी द्यायचीच असेल, तर दर आठवड्याला येणाऱ्या प्रशिक्षित माणसाचं मानधन आणि एसटीचं भाडं द्या. हेडसेट नंतर बघू. आणि तोवर शाळेच्या फलकावर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून ठेवा. त्याला पैसे पडत नाहीत.