शनिवारच्या सामन्याचे मालक : अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल आणि दूरचित्रवाणी

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा इतिहास बहुधा संघ, प्रशिक्षक आणि गाजलेले सामने यांच्या अंगाने लिहिला जातो. परंतु या खेळाला आजचे रूप कसे आले हे समजून घ्यायचे, तर मैदानाइतकेच करारपत्रांकडे आणि न्यायालयीन निकालांकडे पाहावे लागते. येथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळला जाणारा अमेरिकी फुटबॉल, आणि प्रक्षेपणहक्क म्हणजे सामना दूरचित्रवाणीवर दाखवण्याचा, ठरावीक मुदतीसाठी विकला जाणारा अधिकार. हा अधिकार विकायचा कोणी, या प्रश्नावरून १९५१ पासून विद्यापीठे, त्यांच्या संघटना आणि वाहिन्या एकमेकांशी भांडत आल्या आहेत. ज्यांच्या अंगमेहनतीवर हा सारा व्यवहार उभा आहे, त्या विद्यार्थी खेळाडूंना मात्र या भांडणात आपला वाटा मागायलाच सुमारे साठ वर्षे लागली, आणि या इतिहासातील सर्वांत मोठा अन्याय तोच आहे.

महाविद्यालयीन खेळ आधी निर्मळ होता आणि पैशाने तो पुढे बिघडवला, अशी एक समजूत अमेरिकेत आजही आढळते. तिला पुराव्याचा आधार नाही. हार्वर्ड आणि येल यांच्यात १८५२ साली न्यू हॅम्पशायरमधील विनिपसॉकी सरोवरावर झालेली नौकाशर्यत ही अमेरिकेतील पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा मानली जाते, आणि तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता, कारण शर्यत पाहायला येणारे लोक आपल्या गाडीने प्रवास करतील हा तिचा हिशेब होता. पुढे फुटबॉल लोकप्रिय झाल्यावर वृत्तपत्रांनी खप वाढवण्यासाठी त्याला पानेच्या पाने दिली आणि १९२० च्या दशकात विद्यापीठांनी हजारो प्रेक्षक बसतील अशी अवाढव्य मैदाने बांधली. ती बांधण्यासाठी काढलेले कर्ज तिकिटांच्या विक्रीतून फिटायचे असल्याने संघ जिंकत राहणे ही विद्यापीठांची आर्थिक गरज होऊन बसली. १९०५ च्या हंगामात मैदानावर झालेल्या मृत्यूंनंतर नियम सुधारण्यासाठी जी संघटना उभी राहिली, तिलाच पुढे एनसीएए, म्हणजे राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना, हे नाव मिळाले. कार्नेगी प्रतिष्ठानाने १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाने खेळाडूंना चोरवाटेने दिल्या जाणाऱ्या पैशांवर प्रकाश टाकला. परंतु एनसीएएकडे तेव्हा कोणालाही शिक्षा करण्याचे बळ नव्हते. ते बळ तिला दूरचित्रवाणीने दिले.

फोर्डम आणि वेन्सबर्ग या महाविद्यालयांमधील सामना ३० सप्टेंबर १९३९ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रथमच दूरचित्रवाणीवर दाखवला गेला, तेव्हा तो पाहू शकणारे संच फारच थोडे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र संच घरोघरी पोहोचू लागले, आणि फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासारख्या संस्थांनी आपले घरच्या मैदानावरचे सामने स्वतःच विकायला सुरुवात केली. लोक घरबसल्या सामना पाहू लागले तर तिकीट कोण काढणार, या धास्तीने इतर विद्यापीठांना घेरले; प्रेक्षकसंख्या घटत असल्याचे पाहणीतूनही दिसून आले. म्हणून १९५१ च्या जानेवारीत एनसीएएने सर्व सामन्यांच्या प्रक्षेपणावर स्वतःचे नियंत्रण लादले. पेनसिल्व्हेनियाने ते मानण्यास नकार दिला, तेव्हा त्याला बेशिस्त सदस्य ठरवण्यात आले आणि ज्या महाविद्यालयांशी त्याचे सामने ठरले होते त्यांनी खेळण्यासच नकार देण्याची भाषा सुरू केली. प्रतिस्पर्ध्यावाचून सामना होत नाही आणि सामन्यावाचून प्रक्षेपण होत नाही, त्यामुळे एवढ्या प्रतिष्ठित विद्यापीठालाही हार मानावी लागली. खेळाच्या बाजाराचे एक वैशिष्ट्य या प्रसंगात स्पष्ट दिसते: इतर धंद्यांत स्पर्धक नाहीसा झाला तर फायदाच होतो, येथे मात्र स्पर्धकाने बहिष्कार टाकला की विकायला मालच उरत नाही.

त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ शनिवारी दुपारी कोणता सामना देशाला दिसेल हे एनसीएए ठरवत होती. ही व्यवस्था घडवणारे वॉल्टर बायर्स १९५१ ते १९८७ अशी छत्तीस वर्षे संघटनेचे कार्यकारी प्रमुख होते. एका संघाने किती वेळा पडद्यावर यावे याला मर्यादा होती, आणि मोजकेच सामने विकल्यामुळे प्रत्येक सामन्याचा भाव चढा राहत होता. मालाचा पुरवठा आवळून किंमत चढवणे हे मक्तेदारीचे जुनेच तंत्र होय. फरक एवढाच की येथे ते शिक्षणाच्या आणि हौशी खेळाच्या नावाखाली वापरले जात होते.

याच काळात व्यावसायिक फुटबॉलने वेगळी वाट धरली. व्यावसायिक संघांच्या एनएफएल या लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी सर्व संघांचे हक्क एकत्र विकून पैसे समसमान वाटायचे ठरवले. परंतु १९६१ साली एका संघीय न्यायाधीशाने असा एकत्रित करार मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरवला. लीगने अमेरिकी संसदेकडे, म्हणजे काँग्रेसकडे, धाव घेतली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या सहीने क्रीडा प्रक्षेपण कायदा अस्तित्वात आला. सीबीएस वाहिनीने १९६२ पासून वर्षाला ४६ लाख ५० हजार डॉलर देऊ केले, आणि ग्रीन बेसारख्या छोट्या गावाच्या संघालाही न्यूयॉर्कच्या संघाइतकाच वाटा मिळू लागला. महाविद्यालयांनी आपल्यापुरते एक संरक्षण या कायद्यात घालून घेतले होते: हंगामात शुक्रवारी रात्री आणि शनिवारी, महाविद्यालयांचा सामना चालू असलेल्या ठिकाणापासून ७५ मैलांच्या, म्हणजे सुमारे १२० किलोमीटरच्या, आतल्या केंद्रावरून व्यावसायिक सामना दाखवला तर लीगला कायद्याची सवलत मिळणार नव्हती. शनिवार महाविद्यालयांचा आणि रविवार व्यावसायिकांचा ही वाटणी अशी कायद्यानेच पक्की झाली. एकत्रित विक्रीची मुभा मात्र व्यावसायिक लीगनाच मिळाली. महाविद्यालयांचा त्यात समावेश नव्हता, आणि ही उणीव पुढे एनसीएएला फार महागात पडली.

खेळाडूंचे या काळात काय चालले होते, हे एका खटल्यावरून कळते. कोलोरॅडोतील फोर्ट लुईस ए अँड एम या लहान महाविद्यालयाचा एक खेळाडू १९५५ साली सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला, आणि त्याच्या पत्नीने कामगाराच्या वारसाला मिळते तशी नुकसानभरपाई मागितली. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली ती नाकारली, कारण महाविद्यालय फुटबॉलचा धंदा करत नाही, सबब खेळाडू हा त्याचा नोकर नव्हे, असे न्यायालयाचे मत पडले. बायर्स यांनी पुढे १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात उघड केले, की ‘विद्यार्थी-खेळाडू’ ही संज्ञा अशा दाव्यांच्या भीतीपोटीच घडवून नियमांत आणि बातम्यांत सर्वत्र सक्तीने रुजवण्यात आली होती. १९५६ साली एनसीएएने क्रीडा शिष्यवृत्त्यांना रीतसर मान्यता दिली. शिकवणी शुल्क, निवास आणि भोजन एवढ्यावर खेळाडूचा मोबदला थांबला. प्रक्षेपणाची रक्कम दर करारागणिक वाढत गेली आणि ही मर्यादा तशीच राहिली.

मक्तेदारीला पहिला धक्का दिला तो खेळाडूंनी नव्हे, तर बड्या विद्यापीठांनी. १९७० च्या दशकात त्यांनी कॉलेज फुटबॉल असोसिएशन, म्हणजे सीएफए, हा गट स्थापन केला आणि १९८१ साली एनबीसी वाहिनीशी स्वतंत्र करार जुळवला. एनसीएएने सहभागी होणाऱ्यांच्या इतर खेळांतील संघांवरही कारवाई करण्याची धमकी दिली, त्यामुळे तो करार बारगळला. परंतु ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी १८९० च्या शर्मन कायद्याखाली, म्हणजे व्यापारातील संगनमत आणि मक्तेदारी यांना मनाई करणाऱ्या कायद्याखाली, न्यायालय गाठले. त्या वेळी एनसीएएने एबीसी आणि सीबीएस या दोन वाहिन्यांशी चार वर्षांचे करार केले होते आणि प्रत्येकीने किमान १३ कोटी १७ लाख ५० हजार डॉलर द्यायचे होते. खटल्याच्या कागदपत्रांतील एक उदाहरण ही व्यवस्था किती विचित्र होती ते दाखवते. १९८१ च्या हंगामातील एका शनिवारी ओक्लाहोमा आणि सदर्न कॅलिफोर्निया यांचा सामना दोनशेहून अधिक केंद्रांवरून दाखवला गेला, तर सिटाडेल आणि ॲपलेशियन स्टेट या लहान संस्थांचा सामना अवघ्या चार केंद्रांवरून. तरीही चारही संघांच्या पदरी पडलेली रक्कम एकच होती. ओक्लाहोमाला त्यात लूट दिसली. त्या वाटणीत लहान संस्थांना तग धरू देणारी काही एक न्यायबुद्धीही होती, हे मात्र त्या वेळी फार थोड्यांनी बोलून दाखवले.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जून १९८४ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी एनसीएएची योजना बेकायदा ठरवली. निकालपत्र न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांचे होते. विरोधी मत नोंदवणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते आणि व्यावसायिक संघांतूनही खेळले होते. पैशाचा मोह आवरला नाही तर शिक्षण मागे पडेल, ही त्यांची भीती पुढे खरी ठरली. स्टीव्हन्स यांनी एनसीएएची मक्तेदारी मोडली खरी, पण जाता जाता हौशी खेळाच्या परंपरेची पाठराखण करणारा एक परिच्छेदही लिहिला, आणि खेळाडूंना पैसे नाकारण्यासाठी एनसीएएने पुढची तीन दशके त्याच परिच्छेदाचा ढालीसारखा वापर केला. विद्यापीठांना बाजार मोकळा झाला. खेळाडूंना तो बंदच राहिला.

खेळाच्या प्रक्षेपणावरील एकाधिकाराचा प्रश्न भारतातही न्यायालयातच सुटला, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. हीरो चषक क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल देताना प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. त्या खंडपीठावर महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. भारतात मक्तेदारी सरकारची होती, अमेरिकेत ती शिक्षणसंस्थांच्या संघटनेची. आणि दोन्हीकडे मोकळ्या झालेल्या बाजाराचा लाभ अखेर हक्क विकणाऱ्या मंडळांनाच झाला.

१९८४ च्या निकालाचा तात्कालिक परिणाम विद्यापीठांच्या अपेक्षेच्या उलट झाला. सर्वांनीच सामने विकायला काढल्याने पडद्यावर सामने वाढले आणि भाव कोसळले. ते सावरायला केबल वाहिन्यांचा विस्तार व्हावा लागला. १९७९ साली सुरू झालेल्या ईएसपीएनने चोवीस तासांचे वेळापत्रक भरण्यासाठी आरंभापासून महाविद्यालयीन खेळांचा आधार घेतला होता. नोत्र दाम विद्यापीठाने १९९० साली सीएफएची साथ सोडून एनबीसीशी पाच वर्षांचा, ३ कोटी ८० लाख डॉलरचा स्वतंत्र करार केला, आणि एकत्र विक्री करणाऱ्यांचा गट फुटू लागला. विक्रीचे खरे केंद्र आता कॉन्फरन्स, म्हणजे एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांचा प्रादेशिक संघ, हे झाले. बिग टेन या कॉन्फरन्सने २००७ साली स्वतःची वाहिनीच काढली. जितकी राज्ये कॉन्फरन्समध्ये, तितकी केबल जोडण्यांतून वसुली, या गणिताने भूगोल मोडीत निघाला. १९१५ साली पॅसिफिक किनाऱ्यावर स्थापन झालेल्या कॉन्फरन्सची वारस असलेली पॅक-१२ ही संस्था २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांतल्या निर्णयांनी जवळजवळ रिकामी झाली. बारापैकी दहा विद्यापीठे निघून गेली, आणि बिग टेनने २०२२ साली तीन वाहिन्यांशी केलेला, सात वर्षांचा आणि ७०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा म्हणून सांगितला गेलेला करार हे त्यामागचे मोठे आमिष होते. आज बिग टेनमध्ये गेलेल्या लॉस एंजेलिसमधील विद्यापीठांना साखळी सामन्यासाठी चार हजार किलोमीटरवरच्या न्यू जर्सीपर्यंत जावे लागते. हा प्रवास फुटबॉल संघाला हंगामात मोजक्याच वेळा करावा लागतो. खरी ओढाताण व्हॉलीबॉलसारख्या, आठवड्याला एकाहून अधिक सामने खेळणाऱ्या संघांची होते, ज्यांच्या नावावर या करारातील फारच थोडी रक्कम जमा होते.

बास्केटबॉलच्या वार्षिक राष्ट्रीय स्पर्धेचे हक्क मात्र एनसीएएच्याच हाती राहिले आणि तिचा बहुतांश खर्च त्यावरच चालतो. २०१० साली सीबीएस आणि टर्नर या प्रसारण कंपन्यांशी झालेला चौदा वर्षांचा करार १,०८० कोटी डॉलरचा होता. याच स्पर्धेत १९९५ साली विजेता ठरलेल्या यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठ, या संघातील एड ओबॅनन यांनी २००९ साली दावा लावला, कारण एका व्हिडिओ गेममध्ये त्यांची प्रतिमा विकली जात होती आणि त्यांना एक छदामही मिळत नव्हता. त्या दाव्याने पाडलेल्या फटीतून पुढचे खटले आत शिरले. २१ जून २०२१ रोजी अ‍ॅल्स्टन या माजी फुटबॉलपटूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनसीएएविरुद्ध निकाल दिला आणि न्यायमूर्ती गोर्सच यांनी स्टीव्हन्स यांचा तो जुना परिच्छेद बंधनकारक नसल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर दहाच दिवसांनी खेळाडूंना स्वतःचे नाव, छायाचित्र आणि प्रतिमा जाहिरातीसाठी विकण्याची मुभा मिळाली.

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी खेळाडूंच्या एनसीएएविरुद्धच्या दाव्यांतील ज्या तडजोडीस मान्यता दिली, तिच्यानुसार २०१६ पासूनच्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई द्यायची आहे, आणि प्रत्येक विद्यापीठाला पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम खेळाडूंना थेट देण्याची मुभा मिळाली. भरपाईचा फार मोठा हिस्सा फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉल खेळाडूंच्या वाट्याला येतो, कारण वाटपाचे सूत्र प्रत्येक खेळाच्या प्रक्षेपणमूल्यावर आधारलेले आहे. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या कायद्याचा आधार घेऊन काही महिला खेळाडूंनी या वाटपाविरुद्ध अपील दाखल केले. ज्या महिला संघांना दशकानुदशके पडद्यावर जागाच दिली गेली नाही, त्यांचे प्रक्षेपणमूल्य कमी म्हणून त्यांना कमी भरपाई, असे हे सूत्र आहे, आणि ते ज्या करारांतून आले त्यांतल्या एकाही करारावर खेळाडूची सही नव्हती.