चेहरेपट्टी

मोगल लष्करात स्वार दाखल होताना त्याचा चेहरा शब्दांत उतरवून घेतला जाई. इसमाचे नाव, बापाचे नाव, वतन, वर्ण, कपाळाची ठेवण, भुवया, डोळे, तीळ, देवीचे व्रण, जुन्या जखमेची खूण हा सारा तपशील कारकून दप्तरात टिपून ठेवी आणि हजेरीच्या वेळी समोर उभा राहिलेला माणूस तोच की कोणी बदली आणलेला, याचा निवाडा त्या चेहरेपट्टीवरून होई. घोड्याला डाग आणि स्वाराला चेहरा, असा तो बंदोबस्त होता. संगणकाला चार ओळी सांगून, जगात कधीही जन्मास न आलेल्या माणसाचे चित्र काढून घेण्याचा जो प्रकार आज घरोघरी चालतो, त्याचे पूर्वज धुंडाळू गेल्यास मला प्रथम हे दप्तर आठवते; मात्र त्या कारकुनापुढे हाडामांसाचा माणूस उभा असे.

शब्दांनी रेखाटलेल्या चेहऱ्याचे आपणा मराठी माणसांस सर्वांत जवळचे उदाहरण सुरतेचे आहे. ६ जानेवारी १६६४ रोजी शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले; शहराचा अंमलदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन याने ती वखार लढविण्याची तयारी केली. त्या वखारीतील धर्मोपदेशक एस्कॅलिओ याने त्याच महिन्याच्या अखेरीस सर टॉमस ब्राउन या इंग्लंडातील विद्वानास पत्र धाडले. महाराजांना ज्यांनी पाहिले होते त्यांच्या सांगण्यावरून त्याने लिहिले, की त्यांची उंची आपल्याहून किंचित कमी, बांधा ताठ व प्रमाणबद्ध, बोलताना मुद्रेवर स्मित, नजर चपळ आणि भेदक, व वर्ण त्यांच्या लोकांहून उजळ आहे. पुढे दोनच वर्षांनी सुरतेस आलेला फ्रेंच प्रवासी तेवनो यानेही ऐकीव माहितीवरून महाराजांचे वर्णन केले. त्यात उंची ठेंगणी आहे, डोळ्यांत बुद्धीचे तेज आहे, पण वर्ण सावळा आहे. शहर एक, काळ जवळजवळ एक, तरी डोळ्यांविषयी दोघांचे एकमत आणि रंगाविषयी दुमत! या दोन वर्णनांवरून दोन चित्रकारांनी चित्रे काढली असती, तर दोन निराळे पुरुष कागदावर उतरले असते आणि दोघांनाही आपापल्या परीने पुराव्याचा आधार असता.

याहून उद्बोधक मामला पुढचा आहे. इब्राहिमखान नावाच्या एका इसमाचे चित्र महाराजांचे म्हणून दीर्घकाळ प्रचारात होते, आणि इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली महाराजांचे समकालीन चित्र प्रसिद्धीस आणले तेव्हा कोठे तो भ्रम दूर झाला. इब्राहिमखानाच्या चित्रात चित्रकाराचा दोष नव्हता. चित्राखाली जे नाव पडले, त्या नावाने एका पुरुषाचा चेहरा दुसऱ्याला बहाल केला, आणि श्रद्धेने हात जोडणाऱ्या कोणालाही त्यात वावगे दिसले नाही.

मला यंत्राची भीती वाटते ती याच ठिकाणी, कारण यंत्राची सारी विद्या चित्राखालच्या ओळीवर उभारलेली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांना खुले झालेले स्टेबल डिफ्यूजन हे चित्रे काढणारे यंत्र ‘लायन-५बी’ या सुमारे ५८५ कोटी चित्रे व त्यांसोबतचा मजकूर यांच्या संग्रहातून निवडलेल्या सामग्रीवर शिकविले गेले. ते रंगकणांच्या निरर्थक गर्दीपासून आरंभ करते आणि आपण दिलेल्या शब्दांच्या रोखाने एकेक पायरीने ती गर्दी निवळत नेते. त्या शब्दांशी पूर्वी जे चेहरे जोडले गेले असतील, त्यांच्याकडेच ते वळते. ‘रेस्ट ऑफ वर्ल्ड’ या नियतकालिकाने २०२३ साली मिडजर्नी या अशाच दुसऱ्या यंत्राकडून हजारो चित्रे काढून घेतली, तेव्हा भारतीय व्यक्ती म्हणून जवळजवळ प्रत्येक वेळी दाढीवाला वृद्धच पुढे आला.

मीही अशाच एका यंत्राकडे कतारगामचा माणूस मागितला. सुरतेच्या तटाला ज्याच्या नावाचा दरवाजा होता, ज्याच्या पापडीवाचून सुरतकरांचा उंधियू सजत नाही, त्या गावच्या, सतराव्या शतकातील एखाद्या शेतकऱ्याचा चेहरा कोणत्याही दप्तरात मला आढळलेला नाही. म्हणून तो कल्पनेने पाहावा, अशी मनापासून इच्छा झाली. प्रथम भगव्या पागोट्याचा, शुभ्र दाढीचा वृद्ध आला. वय तिशीचे सांगितले, दाढी काढावयास लावली, तेव्हा नाटकातला राजपुत्र शोभावा असा तरुण आला. मग मी मोगल कारकुनाची रीत धरली: डाव्या भुवईवर तीळ, गालांवर देवीचे व्रण, पुढचा एक दात तुटका. तीळ हनुवटीवर उतरला, दात शाबूत राहिले आणि गाल तुळतुळीत. जी खूण कारकून न चुकता टिपून घेई, तीच यंत्राने पुसून टाकली. पुष्कळ खटपटीनंतर व्रण उमटले, चेहरा बोलका झाला, आणि हा माणूस असाच असावा असे मन म्हणू लागले. त्या क्षणी मी चित्राखाली ‘काल्पनिक, यंत्ररचित’ एवढे लिहून वर्ष घातले.

त्या शेतकऱ्यापुरता इलाज इतकाच. पण आजच्या कतारगामात हिऱ्यांचे कारखाने आहेत. सौराष्ट्रातून येऊन ज्यांनी हिरे घासण्याच्या घंटीवर आयुष्य घासले, त्यांच्या पहिल्या पिढीतील पुष्कळ माणसे अद्याप हयात आहेत. त्यांची छायाचित्रे घराघरांत पडून असतील. त्या छायाचित्रांच्या पाठीवर नाव, मूळ गाव, कारखाना आणि साल ही चार कलमे त्या माणसांच्याच तोंडून ऐकून या वर्षीच लिहून घ्यावीत.