शालेय शिक्षणातील पालक सहभाग

शालेय शिक्षणातील पालक सहभाग म्हणजे मुलाच्या शिक्षणात आई-वडिलांनी किंवा त्यांच्या जागी असलेल्या आजी-आजोबा, काका, मावशी यांसारख्या व्यक्तींनी घरी व शाळेत घेतलेला वाटा होय. शुल्क भरणे आणि शिकवणी लावणे एवढाच या संज्ञेचा अर्थ नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ जॉयस एपस्टाइन यांनी या सहभागाचे सहा प्रकार मांडले आहेत: संगोपन, शाळेशी संवाद, स्वयंसेवा, घरातील अध्ययन, निर्णयप्रक्रियेतील सहभाग आणि समाजाशी सहकार्य.

सहभागाचे परिणाम

सहभागाचे सर्व प्रकार सारखेच उपयोगी ठरत नाहीत. नॅन्सी हिल व डायना टायसन यांनी २००९ मध्ये उच्च प्राथमिक वयोगटाविषयीच्या ५० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. शिक्षणाचे महत्त्व व त्याविषयीच्या अपेक्षा मुलाशी बोलणे, शिकत असलेल्या गोष्टींचा जगण्याशी संबंध जोडणे आणि पुढील वाटचालीचा एकत्र विचार करणे या गोष्टींचा शैक्षणिक यशाशी सर्वाधिक संबंध त्यात आढळला. गृहपाठात केलेल्या मदतीचा संबंध मात्र उलट दिसला. मागे पडलेल्या मुलालाच घरी अधिक मदत मिळते, हे त्याचे एक कारण असू शकते. त्यामुळे गृहपाठात मदत करणे अपायकारक आहे, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. तथापि उत्तर सांगून वही पूर्ण करून घेणे आणि मुलाला स्वतः विचार करण्यास अवधी देणे यांत मोठा फरक आहे.

कौतुकाची पद्धतही महत्त्वाची ठरते. क्लॉडिया म्युलर व कॅरल ड्वेक यांच्या १९९८ मधील प्रयोगांत ज्या मुलांच्या बुद्धिमत्तेची स्तुती झाली, ती अपयशानंतर लवकर खचली. प्रयत्नांची स्तुती झालेली मुले अधिक चिकाटीने काम करत राहिली.

अल्पशिक्षित पालक

ज्या घरातील पहिलीच पिढी शाळेत जात आहे, तेथे ‘आम्हाला लिहिता-वाचता येत नाही, आम्ही काय मदत करणार’ ही भावना सर्रास आढळते. वरील निष्कर्ष पाहता ती बरीचशी निराधार आहे. आज शाळेत काय झाले हे मुलाकडून सविस्तर ऐकणे, धडा मोठ्याने वाचून घेणे, वहीतील कोरी पाने व लाल खुणा पाहून शिक्षकांना विचारणे, बाजारात हिशेब करायला लावणे, वेळेवर झोपवणे आणि शाळा बुडू न देणे यांपैकी कशासाठीही साक्षरतेची अट नाही. गोंडी, भिली, कोरकू यांसारख्या भाषा बोलणाऱ्या घरांत मुलाची प्रमाण मराठीशी खरी ओळख बहुधा शाळेतच होते. अशा पालकांनी घरची भाषा सोडण्याचे कारण नाही. त्या भाषेतील गोष्टी, कोडी आणि गप्पा यांतूनही मुलाची समज वाढते.

रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी व मार्क शॉटलँड यांनी बिहार व राजस्थानातील मातांविषयी केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मातांना साक्षरता वर्ग, काहींना मुलांसोबत घरी करावयाचे उपक्रम, तर काहींना दोन्ही देण्यात आले. तिन्ही गटांतील मुलांच्या गणितात सुधारणा झाली. ती अल्प होती, परंतु मुलांना थेट शिकवणी न देता झाली, हे उल्लेखनीय आहे.

कायदेशीर तरतुदी व मर्यादा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २१ नुसार शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्मे सदस्य महिला असणे आवश्यक आहे. शाळेच्या कामकाजावर व अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे ही तिची कामे आहेत. विनाअनुदानित शाळांना हे कलम लागू नाही. महाराष्ट्रात तेथील शुल्कनिश्चितीत पालकांना २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमान्वये पालक-शिक्षक संघामार्फत स्थान मिळते.

पालकांची इच्छा असूनही परिस्थिती आड येते, याचे ठळक उदाहरण ऊसतोड कामगारांचे आहे. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून उचल घेते आणि साधारण दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते. शाळेचे दुसरे सत्र नेमके याच काळात असते. मूल सोबत गेले, तर शाळा सुटते; गावी राहिले, तर आई-वडील दुरावतात. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहे चालवली जातात. तेथे किंवा आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत पालक सहभाग बऱ्याचदा संध्याकाळी फडावरून आलेल्या फोनपुरता उरतो.