कोणी ठरवला तुमच्या चित्राचा दर्जा? घरगुती स्ट्रीमिंग आणि ट्रान्सकोडिंगचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/ दिनांक २४ मार्च २०२०. देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली, त्याच दिवशी भारतातील प्रमुख स्ट्रीमिंग कंपन्यांनीही एक निर्णय जाहीर केला: मोबाइल नेटवर्कवर १४ एप्रिलपर्यंत ४८०पीपेक्षा वरच्या दर्जाचे चित्र पाठवायचे नाही. युरोपात नेटफ्लिक्सने काही दिवस आधीच ३० दिवसांसाठी बिटरेट उतरवून आपला भार सुमारे २५ टक्क्यांनी कमी करण्याचे मान्य केले होते. यूट्यूबने तर जगभर एक महिन्यासाठी साधा दर्जा हाच मूळ पर्याय केला. तेथे प्रेक्षकाला स्वतःहून दर्जा वाढवता येत होता. बदलले होते ते न मागता मिळणारे चित्र.

२/ या ‘न मागता मिळणाऱ्या’ गोष्टीलाच आपण डीफॉल्ट म्हणतो. घरातल्या संगणकावर आपला चित्रपटसंग्रह ठेवून तो प्लेक्स, एम्बी किंवा जेलीफिनमधून पाहणाऱ्यांना हा शब्द चांगलाच परिचित असेल. पुण्याच्या घरी ३० मेगाबिटची देखणी प्रत जपलेली असते आणि नागपूरला मावशीच्या टीव्हीवर तोच चित्रपट धूसर दिसतो. मावशी म्हणते, “तुझी प्रत खराब आहे रे.” प्रत उत्तम असते, टीव्हीही उत्तम असतो. प्लेक्सच्या अनेक ॲपमध्ये घराबाहेरून पाहताना वर्षानुवर्षे एकच पर्याय आधीपासून निवडलेला असे: ७२०पी, २ मेगाबिट प्रतिसेकंद. हा आकडा समजून घ्यायचा तर बरेच मागे जावे लागते.

३/ आधी थोडे गणित. १९२० × १०८० ठिपक्यांचे, सेकंदाला २४ चौकटींचे चित्र कोणतेही आकुंचन न करता साठवले, तर रंगाची माहिती निम्म्या बारकाव्याने घेऊनही सेकंदाला सुमारे ६०० मेगाबिट लागतात. दोन तासांचा चित्रपट ५०० जीबीच्या वर जातो. म्हणजे आपण पडद्यावर जे काही पाहतो, ते कोणीतरी आधीच प्रचंड दाबलेले असते. प्रश्न एवढाच असतो की किती दाबायचे आणि ते ठरवणार कोण.

४/ दाबण्याची मूळ युक्ती बंगळुरूत जन्मलेल्या एका अभियंत्याची. नासिर अहमद अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असत. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्मची कल्पना त्यांनी १९७२ मध्ये तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदानासाठी मांडली. प्रस्ताव नाकारला गेला. ‘कल्पना फारच साधी आहे’ असा एका परीक्षकाचा शेरा होता. अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह ती पुढे नेली आणि जानेवारी १९७४ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे जेपेग छायाचित्रे आणि एमपेग व्हिडिओ या साध्या कल्पनेवरच उभे राहिले. परीक्षकांचे शेरे जपून ठेवावेत, ते असे.

५/ युक्ती अशी: चित्राचे लहान चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातील ठळक चढउतार व बारीक तपशील वेगळे करायचे. डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील मग स्थूल करायचा किंवा सोडून द्यायचा. सोडलेले परत येत नाही. इतिहासप्रेमींना मोडीचे उदाहरण चटकन पटेल. बाळबोधातील मजकूर मोडीत उतरवताना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा गळतो. तोच मजकूर पुन्हा बाळबोधात आणला, तरी मूळ वेलांटी पहिली होती की दुसरी, हे कागद सांगत नाही. वाचणारा अंदाजाने लिहितो. दाबलेला व्हिडिओ उलगडून दुसऱ्या स्वरूपात पुन्हा दाबणे म्हणजे ट्रान्सकोडिंग. दर फेरीला काही वेलांट्या गळणारच.

६/ आता १९९३. व्हिडिओ सीडीचे प्रमाण ठरले, तेव्हा चित्राचा दर्जा ठरवला तो सीडी ड्राइव्हच्या फिरण्याच्या वेगाने. गाण्यांची सीडी ज्या वेगाने वाचली जाते, त्याच वेगात एमपेग-१ चित्र बसवायचे होते. म्हणून चित्राला ११५० किलोबिट आणि आवाजाला २२४ किलोबिट प्रतिसेकंद मिळाले. आपल्याकडच्या पाल पद्धतीत चौकट ३५२ × २८८ ठिपक्यांची. एका तबकडीत साधारण ७४ मिनिटे मावत, म्हणून चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांचा. मध्यंतराला उठून तबकडी बदलणारी पिढी अजून तिशी-चाळिशीतच आहे.

७/ याच काळातली एक हानी फारशी कोणी नोंदवत नाही. अनेक घरांत लग्नामुंजीची व्हीएचएस कॅसेट व्हीसीडीवर ‘उतरवून’ घेतली गेली आणि मूळ कॅसेट अडगळीत गेली किंवा फेकली गेली. पाल कॅसेटवर सेकंदाला ५० अर्धचौकटी असतात. व्हीसीडीत २८८ ओळींच्या २५ चौकटी उरतात. म्हणजे हालचालीची निम्मी नोंद त्याच क्षणी संपली. आजीचे वळून पाहणे थोडे अडखळते, ते कॅमेऱ्यामुळे नसते. त्या काळच्या ड्राइव्हच्या वेगासाठी केलेली तडजोड त्या घराचा कायमचा दस्तऐवज बनली.

८/ डीव्हीडी १९९६ मध्ये जपानात आली आणि दर्जा एकदम उंचावला. पण १९९९ मध्ये फ्रान्सच्या जेरोम रोटा यांनी मायक्रोसॉफ्टच्या एमपेग-४ कोडेकमध्ये फेरफार करून ‘डिव्हएक्स’ पसरवले आणि अख्खा चित्रपट ७०० एमबीत बसू लागला. ७०० एमबीच का? कोऱ्या सीडीत तेवढेच मावते. पुन्हा तबकडीनेच दर्जा ठरवला.

९/ घरगुती सर्व्हरची गोष्ट मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सपासून सुरू होते. ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ६४ एमबी स्मृती असलेल्या या खेळयंत्रावर हौशी प्रोग्रामरांनी एक्सबीएमसी हा चित्रपट चालवणारा कार्यक्रम उभा केला. तोच आजचा कोडी. २००७ च्या अखेरीस इलान फाइनगोल्ड यांनी तो मॅककडे नेला आणि २००८ मध्ये त्या शाखेला प्लेक्स हे नाव मिळाले. तोवर आयफोन आला होता. त्या काळच्या फोनला मोजक्याच प्रकारचा व्हिडिओ चालवता येई. घरातल्या विविध फाइली त्याच्या उपयोगाच्या नव्हत्या. उपाय असा निघाला की फोनला जमेल असे रूपांतर घरच्या संगणकाने चित्रपट चालू असतानाच करून द्यायचे. त्यासाठीचे हत्यार तयार होते: फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेले मुक्त सॉफ्टवेअर एफएफएमपेग.

१०/ सर्व्हरपुढे तीन वाटा असतात. उपकरणाला फाइल जशीच्या तशी चालत असेल तर ती तशीच धाडायची. चित्र चालते पण फाइलचे वेष्टण चालत नाही, तर वेष्टण बदलायचे. पेटी नवी, आंबे तेच. तिसरी वाट ट्रान्सकोडिंगची. तेथे आंब्यांचा रस काढून पुन्हा आंबे घडवावे लागतात. कधी कोडेक जुळत नाही म्हणून, कधी चित्ररूपातील उपशीर्षके दृश्यावर छापावी लागतात म्हणून, आणि फार वेळा केवळ ॲपमधल्या डीफॉल्ट आकड्याने मूळ फाइलपेक्षा कमी बिटरेट मागितला म्हणून.

११/ तो आकडा २ मेगाबिटच का असावा? माझ्या मते उत्तर तारेच्या दुसऱ्या दिशेला आहे. १९९९ च्या एडीएसएल प्रमाणात घरात येणारा वेग ८ मेगाबिटपर्यंत, तर बाहेर जाणारा जेमतेम १ मेगाबिटच्या आसपास. घर घेणारे असते, देणारे नसते, हे गृहीतक तारेतच ओतलेले होते. घरगुती सर्व्हर मात्र देणारा. त्या अरुंद वाटेने चित्र अडखळण्यापेक्षा धूसर जावे, ही निवड तेव्हा शहाणपणाचीच होती. भारताकडे पाहा: २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या किमान २५६ किलोबिट होती, २०१३ मध्ये ५१२ झाली आणि २ मेगाबिटपर्यंत पोहोचायला २०२३ उजाडले. फायबरने मात्र कित्येक घरांत दोन्ही दिशा सारख्याच रुंद केल्या आहेत. वाट रुंदावली तरी जुना आकडा सेटिंगमध्ये टिकून राहिला.

१२/ त्याची किंमत संगणक मोजतो. पासमार्क हे प्रोसेसरची ताकद मोजणारे गुणांकन आहे. १०८०पीच्या एका ट्रान्सकोडसाठी सुमारे २००० पासमार्क गुण हवेत, असा ठोकताळा प्लेक्सनेच दिला होता. चौघे एकाच वेळी बसले की ८०००. २०११ मध्ये इंटेलने प्रोसेसरमध्येच क्विक सिंक हा स्वतंत्र विभाग दिला, तेव्हा हा भार हलका झाला. तरी आजही सर्व्हर अडखळतो म्हणून नवा संगणक विकत घेणारे आहेत. पाहणाऱ्याच्या ॲपमध्ये ‘मूळ दर्जा’ निवडला असता, तर जुन्या संगणकाला फाइल नुसती पाठवायची होती.

१३/ एक फरक मात्र लक्षात ठेवावा. चालू असताना केलेले ट्रान्सकोडिंग मूळ फाइलला धक्का लावत नाही. मावशीला धूसर दिसले तरी पुण्यातली प्रत शाबूत असते. भीती असते ती जागा वाचवण्यासाठी लहान प्रत बनवून मूळ पुसून टाकण्याची, म्हणजे त्या लग्नाच्या कॅसेटचीच. आज रात्री सर्व्हरचा डॅशबोर्ड उघडून पाहा. चालू चित्रपटापुढे ‘डायरेक्ट प्ले’ लिहिले असेल किंवा ‘ट्रान्सकोड’. दुसरा शब्द दिसला तर शेजारचा बिटरेट वाचा, आणि मग मावशीला फोन करून तिच्या टीव्हीवरचा दर्जाचा पर्याय बदलायला सांगा.