वेष्टनचित्रांची निवड : घरगुती चित्रसंग्रहाच्या सूचीसंबंधी काही विचार

घरोघरी साठलेल्या चित्रफिती व चकत्या यांची सूची करावयास बसले म्हणजे प्रथम एक प्रश्न उभा राहतो. एकाच चित्रपटाची दोन-तीन वेष्टने हाती आली असता त्यांतील कोणत्या वेष्टनाचे चित्र स्कॅन करून नोंदीस जोडावे? सामान्यतः जे अधिक सुबक व निर्मळ असेल तेच निवडले जाते. ही रीत इतिहासाच्या दृष्टीने सदोष आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वेष्टन हे चित्रपटाचे भूषण नसून एका विशिष्ट प्रकाशनाचा पुरावा होय.

हस्तलिखितांच्या अभ्यासकास हा भेद नवा नाही. पोथीचे पहिले पान कितीही चित्रित असले, तरी तो प्रथम शेवटचे पान उलटतो. कारण लेखकाचे नाव, स्थळ व शक सांगणारी पुष्पिका तेथे असते. वेष्टनाचे मलपृष्ठ ही त्याची पुष्पिकाच म्हणावी लागेल. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमात १९८४ साली कलम ५२अ घालण्यात आले. त्यान्वये चित्रपटास प्रमाणन आवश्यक असल्यास त्या प्रमाणपत्राची प्रत, चित्रफीत तयार करणाऱ्याचे नाव व पत्ता, त्याने हक्कधारकाची संमती घेतल्याचे निवेदन आणि स्वामित्वहक्कधारकाचे नाव व पत्ता हा तपशील वेष्टनावर देणे बंधनकारक झाले. दर्शनी चित्रात यांपैकी काहीही सापडेलच असे नाही. मात्र प्रमाणपत्रावरील दिनांक हा प्रमाणनाचा असतो. तो वेष्टनाच्या छपाईचा समजू नये.

सुबकतेच्या मागे गेल्याने भाषिक घोटाळाही होऊ शकतो. प्रभात कंपनीने १९३७ साली व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'कुंकू' मराठीत व 'दुनिया न माने' हिंदीत काढला. दोहोंचा आधार ना. ह. आपटे यांची 'न पटणारी गोष्ट' ही कादंबरी, आणि दोहोंत नायिका शांता आपटे. तेव्हा चेहऱ्यावरून चित्रपट ओळखू पाहणारा सूचीकार हिंदी वेष्टन मराठी नोंदीस सहज जोडील. येथे निर्णायक ठरतात ती चित्राखालची अक्षरे. म्हणून शीर्षक ज्या लिपीत व ज्या वर्णलेखनाने छापले असेल, तसेच ते उतरवून घ्यावे. सूचीकाराने ते सुधारू नये.

धाराशिव जिल्ह्यात या प्रश्नास आणखी एक अंग आहे. तुळजापुरास भवानीच्या दर्शनाला येणारे यात्रेकरू आरत्या, गोंधळ व देवीची गाणी यांच्या ध्वनिफिती आणि पुढे चकत्या घरी नेत. अशा प्रकाशनांच्या वेष्टनांवरील पत्त्याची ओळ कालनिर्णयास उपयोगी पडते. हैदराबादचे शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेले उस्मानाबाद हे नाव शासकीय व्यवहारातून २०२३ साली गेले व धाराशिव हे नाव आले. 'जि. धाराशिव' एवढ्याच अक्षरांवरून मात्र वेष्टन २०२३ नंतरचे ठरत नाही, कारण लोकव्यवहारात हे नाव त्यापूर्वीही होते. तसेच लातूर तालुक्यातील पत्ता 'जि. उस्मानाबाद' असा छापलेला आढळल्यास तो १९८२ मधील लातूर जिल्ह्याच्या निर्मितीपूर्वीचा, निदान जुन्या सवयीने छापलेला, असे अनुमान करता येते. अशा ओळी छायाचित्राच्या कडा कापताना प्रथम जातात, हे लक्षात ठेवले पाहिजे.

सर्वच वेष्टने स्कॅन करणे अर्थातच इष्ट. परंतु वेळ व साधने मर्यादित असल्यास पुढील क्रम सुचवावासा वाटतो. प्रथम, जी प्रत संग्रहात प्रत्यक्ष आहे तिचेच वेष्टन घ्यावे. अन्यत्र मिळालेले अधिक चांगले चित्र तिच्या नोंदीस जोडू नये. दुसरे, एकच बाजू घेणे शक्य असेल तर मलपृष्ठ घ्यावे, दोन शक्य असतील तर दर्शनी बाजू त्यास जोडावी, व कण्यावरील अक्षरे हाताने लिहून घ्यावीत. तिसरे, स्थानिक प्रकाशनांस अग्रक्रम द्यावा. मोठ्या चित्रपटांची भित्तिचित्रे व गाण्यांच्या पुस्तिका १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केल्या आहेत. तुळजापूरच्या दुकानातील गोंधळाच्या चकतीस तसा आश्रय मिळेल अशी खात्री देता येत नाही. चौथे, किमतीची चिठ्ठी किंवा चित्रफिती भाड्याने देणाऱ्या दुकानाचा शिक्का पुसू नये. वस्तू कोणाच्या हातून कोठे फिरली, हे त्यावरूनच कळते. खाजगी व्यक्तींची नावे मात्र प्रसिद्ध सूचीत झाकावीत.

चित्रफीत चालविणारी यंत्रे आता बहुतेक घरांतून गेली आहेत, आणि जी चकती चालत नाही ती टाकून दिली जाते. अशा वेळी ती चकती होती, तिच्यात अमुक गायकाने अमुक गीत गाइले होते आणि ती अमुक गावी प्रसिद्ध झाली होती, एवढे सांगावयास पुष्कळदा वेष्टनाचा कागदच उरतो. त्यातील सुंदर बाजू ठेवून बोलकी बाजू गमाविणे सूचीकाराने टाळले पाहिजे.